लाळेतील पूर्वसूचना : तंबाखूसेवन आणि मुखकर्करोगाचे वेळीच निदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



आजाराची तक्रार घेऊन वैद्याकडे गेलेल्या माणसाला पूर्वी सर्वप्रथम ‘जीभ दाखवा’ असे सांगितले जाई. जिभेचा रंग, तिच्यावरील थर, तोंडाचा कोरडेपणा यांवरून बराचसा अंदाज बांधला जात असे. पुढे रक्त-लघवीच्या तपासण्यांचे युग आले, क्ष-किरण आले, सोनोग्राफी आली आणि तोंडात डोकावून पाहण्याची ती जुनी रीत काहीशी मागे पडली. गेल्या तीसेक वर्षांत मात्र विज्ञानाची दृष्टी पुन्हा तोंडाकडे वळली आहे. या वेळी जिभेकडे नव्हे, तर लाळेकडे. व्यवहारात जिला थुंकी म्हणून तुच्छ लेखले जाते, त्या लाळेच्या थेंबात मुखकर्करोगाची चाहूल लागू शकते काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

हा प्रश्न भारतात जितका निकडीचा आहे तितका तो फार थोड्या देशांत असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०२२ सालासाठी केलेल्या अंदाजानुसार ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे जगात सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे १ लाख ४३ हजार एकट्या भारतातील होते आणि त्या एका वर्षात या रोगाने भारतात जवळजवळ ८० हजार माणसे दगावली. भारतीय पुरुषांमध्ये हा क्रमांक एकचा कर्करोग आहे. त्यातील खेदाची गोष्ट अशी की, हा रोग पोटात किंवा फुप्फुसात दडून बसत नाही. तो तोंडात, आरशासमोर उभे राहिल्यास दिसेल अशा जागी वाढतो. तरीही रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत येतात. पहिल्या अवस्थेत लहानशा शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा हा रोग त्या वेळपर्यंत जबड्याच्या हाडात आणि मानेतील गाठींत शिरलेला असतो.

तंबाखू म्हटले की सर्वसाधारणपणे विडी-सिगारेट डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्राचे चित्र निराळे आहे. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील २६.६ टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. धूम्रपान करणारे त्यांत अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के होते. म्हणजे या राज्याचा तंबाखू मुख्यत्वे गालात ठेवला जातो, चघळला जातो किंवा हिरड्यांना लावला जातो. तळहातावर चुना घालून मळलेली चिमूट, विदर्भातील खर्रा, ठिकठिकाणचा मावा, पानातील जर्दा ही त्याची रूपे सर्वांच्या परिचयाची आहेत. मिश्रीचा उल्लेख मात्र मुद्दाम करावा लागतो, कारण तव्यावर भाजून काळी केलेली ती पूड अनेक घरांतील वृद्ध स्त्रिया ‘दात घासायचे’ म्हणून वापरतात आणि तंबाखू खाता का, असे विचारल्यास प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ सालापासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते, हे कोणत्याही एस. टी. स्थानकाच्या भिंतीवरून समजते.

सुपारीचीही गोष्ट अशीच. जेवणानंतर पाहुण्यांपुढे सुपारीचे तबक ठेवणे हे आतिथ्याचे लक्षण मानले जाते. तंबाखूला जो दोष दिला जातो तो सुपारीला कोणी देत नाही. परंतु २००३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने तंबाखूविरहित सुपारीदेखील मानवामध्ये कर्करोग उत्पन्न करणारी असल्याचा निष्कर्ष काढला आणि तंबाखूच्याच वर्गात तिला स्थान दिले. सुपारीने होणारा तोंडाचा एक विशिष्ट विकार आहे. गालाच्या आतील अस्तराखाली ताठ तंतू जमतात, अस्तर पांढुरके व निबर होते, तिखट सहन होईनासे होते आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. १९५२ साली पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराची नोंद झाली आणि दुसऱ्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांचा सतरा वर्षांपर्यंत पाठपुरावा केला असता त्यांपैकी ७.६ टक्के रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवला. वृद्धांचा समजला जाणारा हा विकार गुटख्याच्या पुड्या आल्यानंतर कॉलेजच्या मुलांत दिसू लागला, हे येथे उपस्थित असलेल्या पालकांनी ध्यानी घ्यावे.

कर्करोग एका रात्रीत होत नाही. तंबाखूतील विषारी द्रव्ये अस्तराच्या पेशींमधील जनुकांवर वर्षानुवर्षे आघात करीत राहतात. चुन्यामुळे तोंडातील क्षारता वाढते. त्यायोगे निकोटीन झपाट्याने शोषले जाते आणि सुपारीतील द्रव्यांपासून पेशींना इजा करणारे रेणू अधिक प्रमाणात तयार होतात. चुना ‘तंबाखूचे विष मारतो’ ही समजूत, म्हणूनच, वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. प्रथम पांढरा चट्टा उमटतो, क्वचित लाल मखमली चट्टा दिसतो. लाल चट्टा अधिक घातक. सर्वच चट्टे कर्करोगात परिणत होत नाहीत. बहुसंख्य होत नाहीत. काही तर तंबाखू सोडल्यावर नाहीसे होतात. नेमका कोणता चट्टा पुढे जाणार, हे केवळ पाहून सांगणे अनुभवी डॉक्टरांनाही कठीण जाते. लाळेच्या परीक्षणाची आवश्यकता भासते ती इथे.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. तीत ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या एका टक्क्यात क्षार, पाचकरस, प्रथिने, जंतू आणि अस्तरावरून झडलेल्या असंख्य पेशी असतात. तोंडात कर्करोगाची गाठ असेल तर तिच्या पेशीही त्यात झडतात आणि त्या फुटल्यावर त्यांच्यातील जनुकीय द्रव्य लाळेत मिसळते. रक्ताच्या तुलनेत लाळेचा लाभ असा की, ती गाठीला प्रत्यक्ष स्पर्श करून आलेली असते. शिवाय सुई नको, वेदना नाही, आणि नमुना खेड्यातील आरोग्यसेविकेलाही घेता येतो.

या क्षेत्रातील एक महत्त्वाचे काम मुंबईत झाले, याचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांनी फ्रान्समधील लियाँ येथील संशोधकांच्या सहकार्याने तंबाखूयुक्त विडा खाणाऱ्यांच्या लाळेचे परीक्षण करून १९८५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखूपासून आणि सुपारीपासून निर्माण होणारी, नायट्रोसामाइन या नावाने ओळखली जाणारी द्रव्ये त्या लाळेत आढळली. यांतील काही द्रव्ये प्राण्यांमध्ये कर्करोग उत्पन्न करतात, हे सिद्ध झालेले आहे. ती द्रव्ये रोगाच्या खुणा नव्हेत. ती विषाशी झालेल्या संपर्काच्या खुणा होत. हा भेद महत्त्वाचा आहे. निकोटीनपासून शरीरात बनणारे कोटिनिन हे द्रव्यही लाळेत मोजता येते आणि गेल्या दोन-चार दिवसांत तंबाखू घेतला होता की नाही, ते त्यावरून कळते. माणूस लपवतो ते त्याची लाळ उघड करते. परंतु कोटिनिन आढळले म्हणजे कर्करोग आहे असे नव्हे, आणि चातुर्मासात नियम घेऊन तंबाखू सोडलेल्या गृहस्थाच्या लाळेत कोटिनिन नाही म्हणजे मागील वीस वर्षांचा हिशेब पुसला गेला, असेही नव्हे.

रोगाची स्वतःची खूण शोधण्याचे काम त्यानंतर सुरू झाले. १९९४ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी डोके व मानेच्या भागातील कर्करोगाच्या सात रुग्णांपैकी पाच रुग्णांच्या लाळेत पी-५३ या जनुकातील बिघाड शोधून दाखविला. पी-५३ हे जनुक पेशींच्या वाढीवर पहारा देते; मुखकर्करोगात बहुधा हा पहारेकरीच निकामी होतो. पुढे २०१५ साली त्याच विद्यापीठातून आलेल्या अहवालात, तोंडातील कर्करोगाच्या तपासलेल्या सर्व रुग्णांच्या लाळेत गाठीचे जनुकीय द्रव्य सापडल्याचे नमूद होते. शंभर टक्के हा आकडा वृत्तपत्रांना फार आवडतो. त्या रुग्णांना कर्करोग आहे हे अगोदरच ठाऊक होते आणि बहुतांशी प्रत्येकाच्या गाठीत नेमका कोणता बिघाड आहे, हे आधी पाहून मग तोच लाळेत शोधला होता, ही बाब बातमीत येत नाही. हरवलेल्या वस्तूचे वर्णन हाती असताना ती शोधणे आणि घरात काही हरवले आहे की नाही हेच ठाऊक नसताना शोध घेणे, यांत पुष्कळ अंतर आहे.

भारतीय रुग्णांत कोणते बिघाड आढळतात याचा शोध खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांनी संयुक्तपणे घेतला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गाल व हिरडी यांच्या सांध्यातील कर्करोगाची, म्हणजे जिथे तंबाखूची चिमूट धरली जाते नेमक्या त्याच जागेच्या कर्करोगाची, जनुकीय तपासणी झाली. पाश्चात्त्य रुग्णांत आढळणारे अनेक बिघाड इथेही आढळले. काही मात्र नव्याने समोर आले. परदेशात बनलेली चाचणी इथे जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही, हे यावरून सूचित होते.

दुसरा मार्ग पेशींतील निरोप वाचण्याचा. जनुकातील आज्ञा पेशीच्या कारखान्यापर्यंत नेणारे आर. एन. ए. नावाचे रेणू लाळेत टिकून राहतात, हेच प्रथम अनेकांना पटत नव्हते. लॉस एंजेलिस येथील डॉ. डेव्हिड वाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मुखकर्करोगाचे ३२ रुग्ण आणि वय, लिंग व धूम्रपानाची सवय यांत त्यांच्याशी जुळणाऱ्या ३२ निरोगी व्यक्ती यांच्या लाळेची तुलना केली. सात निरोप रुग्णांच्या लाळेत वाढलेले आढळले. त्यांतील चारांच्या संयोगाने रुग्णांपैकी ९१ टक्के ओळखता आले आणि निरोगी व्यक्तींपैकी ९१ टक्के निरोगी म्हणून वेगळे काढता आले. २००८ साली त्याच गटाने पाच प्रथिनांचा संच मांडला; त्याची रुग्ण ओळखण्याची क्षमता ९० टक्के आणि निरोगी ओळखण्याची ८३ टक्के होती. तैवानमध्ये सुपारी खाणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने तेथील संशोधन भारताला अधिक जवळचे आहे. २०१६ साली तेथील शास्त्रज्ञांनी चार प्रथिनांचा संच प्रसिद्ध केला. त्याचे आकडे काहीसे कमी, अनुक्रमे सुमारे ८७ व ८० टक्के, होते. परंतु त्यांनी तुलनेसाठी केवळ निरोगी माणसे न घेता तोंडात चट्टे असलेली माणसेही घेतली होती. म्हणून तो कमी आकडा अधिक विश्वासार्ह मानावा लागतो.

आता मूळ अडचणीकडे वळले पाहिजे. ज्याच्यासाठी ही चाचणी हवी आहे त्या तंबाखू खाणाऱ्याचीच लाळ वाचायला सर्वांत अवघड असते. इंटरल्यूकिन-८ हे प्रथिन घेऊ. मुखकर्करोगात ते वाढते, हे अनेक देशांत पुनःपुन्हा दिसून आले आहे. परंतु ते मुळात दाहाचे द्रव्य आहे. हिरड्या सुजल्या, दातांच्या मुळांशी पू झाला, चुन्याने गाल भाजला तरीही दाहाची द्रव्ये वाढू शकतात. वर्षानुवर्षे तंबाखू चघळणाऱ्याच्या तोंडात किटण, सुजलेल्या हिरड्या, हलणारे दात हे सर्व बहुधा एकत्रच नांदत असते. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या विकराचीही गत तीच. त्याची तपासणी स्वस्त आहे, साध्या प्रयोगशाळेत होते आणि म्हणूनच भारतातील अनेक दंतमहाविद्यालयांनी तिच्यावर काम केले. कर्करोगाच्या व चट्ट्यांच्या रुग्णांत त्याचे लाळेतील प्रमाण वाढलेले आढळते. पण पेशी कोणत्याही कारणाने फुटल्या तरी ते वाढते. सारांश, बाजारात गलका ऐकू येतो आहे एवढे कळते. त्यात चोर शिरला आहे की नुसती गर्दी झाली आहे, ते कळत नाही.

नमुना घेण्याची रीतही वाटते तितकी सोपी नाही. नमुन्यापूर्वी निदान तासभर खाणे, पिणे, चूळ भरणे, दात घासणे आणि अर्थात तंबाखू, सर्व बंद ठेवावे लागते. लाळ खाकरून काढायची नसते. मान खाली घालून ती आपोआप नळीत पडू द्यायची असते. आर. एन. ए. तपासायचे असल्यास नळी तत्काळ बर्फात ठेवावी लागते, अन्यथा ते रेणू लवकर नष्ट होतात. निर्जळी उपवासाच्या दिवशी लाळ कमी व घट्ट होते. त्या दिवशीचा नमुना देऊ नये. पर्युषणकाळात आरोग्यशिबिर ठेवणाऱ्या मंडळांनी एवढी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याहून गंभीर प्रश्न अंकगणिताचा आहे आणि व्यापारी समाजाला तो चटकन उमजेल. समजा, एका शिबिरात तंबाखू खाणारे एक हजार लोक आले आणि त्यांपैकी तिघांना कर्करोगाची सुरुवात झालेली आहे. चाचणी रुग्णांपैकी ९० टक्के ओळखते आणि निरोग्यांपैकी ८५ टक्के निरोगी ठरवते असे धरू. तिघांपैकी बहुधा तिघेही सापडतील, कदाचित एखादा निसटेल. परंतु उरलेल्या ९९७ जणांपैकी १५ टक्के, म्हणजे सुमारे दीडशे निरोगी माणसांच्या हातीही ‘संशयित’ असा कागद पडेल. त्या दीडशे कुटुंबांना किती रात्री झोप लागणार नाही? आणि जो एखादा निसटला, त्याच्या खिशात तर ‘निर्दोष’ असा अहवाल असेल. तो तंबाखू का सोडील? गालातील चट्टा दाखवायला तो डॉक्टरांकडे का जाईल? लाळेच्या चाचणीचा हा दुसरा धोका पहिल्यापेक्षा अधिक भयंकर आहे. प्रयोगशाळेतील ९० टक्के हा आकडा गावात आल्यावर असा बदलतो, यात शास्त्राची लबाडी नाही; रोग्यांची संख्या निरोग्यांच्या मानाने अल्प असली की कोणत्याही चाचणीचे असेच होते.

मग लाळेचे संशोधन निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. तिची जागा सर्व गाव चाळण्याची नसून, चाळणीत वर राहिलेल्यांची पुढील निवड करण्याची असावी, असे आजवरच्या पुराव्यावरून वाटते. ज्याच्या तोंडात चट्टा आधीच दिसला आहे, त्याला तुकडा काढून तपासणीसाठी आज पाठवावे की तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे, हे ठरविताना लाळेतील खुणा उपयोगी पडू शकतील. ज्याचे तोंड सुपारीमुळे दोन बोटेही उघडत नाही, त्याच्या घशाजवळचा भाग डॉक्टरांना दिसतच नाही. तिथे लाळेचे मोल अधिक. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात रोग उलटतो आहे काय, हे पाहण्यासाठी तर ती विशेष योग्य ठरावी, कारण तेथे गाठीचे वर्णन आधीच हाती असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली लाळेवर आधारित अशा एका चाचणीला विशेष प्राधान्याचा दर्जा दिला. तो दर्जा म्हणजे मान्यता नव्हे, पडताळणी जलद व्हावी म्हणून दिलेली सवलत होय. चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ज्याला बायॉप्सी म्हणतात, तोच आजही निदानाचा अखेरचा निर्णय आहे. लाळेची कोणतीही चाचणी त्याच्या जागी बसू शकलेली नाही.

आणि जे साधन सिद्ध झालेले आहे ते इतके साधे आहे की, त्याचे कोणाला अप्रूप वाटत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १३ पंचायतींत १९९६ सालापासून एक मोठा प्रयोग झाला. सात पंचायतींत प्रशिक्षित आरोग्यसेवक घरोघर जाऊन पस्तीस वर्षांवरील प्रत्येकाचे तोंड उजेडात तपासत; उरलेल्या सहा पंचायतींत नेहमीचीच व्यवस्था ठेवली होती. दोन्हीकडे मिळून सुमारे १ लाख ९२ हजार लोक होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी झालेल्या पंचायतींतील तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांना कोणतेच व्यसन नव्हते त्यांच्यात असा लाभ दिसला नाही. यंत्र नव्हते, रसायन नव्हते. उजेड, दोन डोळे आणि हातमोजे घातलेली बोटे एवढ्यावर हे घडले. भारत सरकारने २०१६ साली तीस वर्षांवरील सर्वांच्या तोंडाची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याची योजना आखली, ती याच पुराव्याच्या आधारे. योजना कागदावर उत्तम आहे. आशाताई घरी आल्यावर ‘आमच्याकडे कोणी तसले खात नाही’ असे म्हणून तिला दारातूनच परत पाठविले जाते, याला योजना काय करणार?

या वाक्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. ज्या समाजात आहाराची शुद्धी काटेकोरपणे पाळली जाते, त्या समाजात तंबाखू लपून खाल्ला जातो. दुकानाच्या गल्ल्यामागे, शेताच्या बांधावर, प्रवासात. घरी ठाऊक असते, पण बोलले जात नाही. सासऱ्यांच्या गालातील गाठोडे सुनेला दिसते. ती काय बोलणार? मग तोंड आल्याची तक्रार सुरू होते. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, ग्लिसरीन, कधी तुरटीच्या गुळण्या, यांत तीन-चार महिने जातात. दात टोचतो म्हणून दात काढला जातो आणि जखम भरून येत नाही. हा घटनाक्रम कोणत्याही कर्करोग रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दररोज ऐकू येतो. उशीर प्रयोगशाळेत होत नाही. तो माजघरात होतो. उद्या एक रुपयात होणारी लाळेची अचूक चाचणी निघाली, तरी ‘तंबाखू खाणाऱ्यांनी या रांगेत उभे राहावे’ असे म्हटल्यावर त्या रांगेत कोण उभा राहील, हा प्रश्न शिल्लकच राहतो. म्हणून शिबिरे भरविणाऱ्या संस्थांनी वेगळी रांग न ठेवता तीस वर्षांवरील सर्वांचीच तोंडे तपासावीत. विश्वस्तांनी प्रथम स्वतःचे तोंड उघडावे. स्त्रियांना विचारताना तंबाखूचे नाव न घेता ‘मिश्री लावता का’ असे विचारावे. उत्तर निराळे मिळते.

तंबाखू सोडल्याने काय साधते, याचाही पुरावा भारतातच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने साठच्या दशकापासून खेड्यापाड्यांत हे काम केले. पुणे जिल्ह्यातील १ लाख १ हजार ७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ साली त्यांनी त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे केरळ, आंध्र आणि गुजरातमधील सुमारे ३६ हजार तंबाखू सेवन करणाऱ्यांना समजावून सांगून, पुनःपुन्हा भेटून, त्यांच्या तोंडांचा पाठपुरावा केला. ज्यांनी सोडला किंवा पुष्कळ कमी केला, त्यांच्यात नवे पांढरे चट्टे उमटण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, शौचास न होणे असे त्रास होतात. ते व्यसनाच्या निवृत्तीचे असतात, अशक्तपणाचे नव्हेत. मदतीसाठी केंद्र सरकारची १८००-११२-३५६ ही निःशुल्क दूरध्वनीसेवा आहे. दंतमहाविद्यालयांतूनही व्यसनमुक्तीचा सल्ला मिळतो.

घरी करावयाची तपासणी पाच मिनिटांची आहे. आरसा आणि बॅटरी घ्यावी, कवळी असल्यास काढून ठेवावी, चूळ भरावी. ओठ उलटून आतील बाजू पाहावी. दोन्ही गाल बोटाने बाहेर ओढून पाहावेत. ज्या बाजूस तंबाखू धरण्याची सवय आहे ती बाजू दोनदा पाहावी. जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, मग ती टाळूला लावून तिच्याखालील जागा पाहावी. टाळू पाहावा. हिरड्यांवरून बोट फिरवावे. खरखरीत वा कठीण जागा डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळते. मानेच्या दोन्ही बाजूंना गाठ लागते का, ते चाचपावे. शेवटी स्वतःच्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या व खालच्या समोरच्या दातांमध्ये जातात का, ते पाहावे. पूर्वी जात होती आणि आता जात नाहीत, तर दाढ दुखते म्हणून तोंड उघडत नाही असा समज करून घेऊ नये. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, कारणाशिवाय हललेला दात, काढलेल्या दाताची न भरलेली जागा, यांपैकी काहीही आढळल्यास दंतवैद्याला किंवा कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाला दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितले तर ‘सुरी लागली की कर्करोग पसरतो’ असे सांगणारे शेजारी भेटतील. ते खरे नाही. तुकडा काढण्याची जागा बधिर केली जाते, काम पंधरा-वीस मिनिटांत आटोपते, बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात आणि अहवाल साधारण आठवड्याभरात हाती येतो. तो घेण्यासाठी रुग्णाबरोबर घरातील आणखी एका माणसाने जावे, आणि अहवालाची मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी.